ताईबरोबर ब्राझील

ब्राझीलहून परत आल्याला आता काही वर्षे झाली, तरी लग्नाकार्यात वा मेळाव्यात आपल्यापैकी कोणी ना कोणी गाठतोच आणि विचारतो, "जाण्यासारखे आहे का हो? आणि गेलो तर काय काय पाहावे?" प्रत्येकाला तेच सांगून माझी जीभ दमली. तेव्हा संपादकांची परवानगी घेऊन येथे एकदाच सारे लिहून टाकतो. आम्ही गेलो ते २०१९ च्या जुलैत. भाडी, दर, वेळा तेव्हापासून बदलल्या असतील. त्या ज्याने त्याने निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. नद्या आणि धबधबे मात्र जागच्या जागी आहेत.

पहिली गोष्ट, हा देश केवढा आहे हे नीट समजून घ्यावे. क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अडीच भारतांहून मोठा, आणि आपल्या इस्रायलसारखे पावणेचारशेहून अधिक देश त्यात सहज मावतील. आपण बीरशेबाहून हैफाला निघालो तरी वाटेसाठी डबा घेणारी माणसे! तेथे साओ पावलोहून मानाउसला जायला विमानाला चार तास लागतात आणि देश संपत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांत "ब्राझील करून" येणाऱ्यांचे मला नवल वाटते. आमच्या हाती पाच आठवडे होते, तरी राजधानी ब्राझीलिया राहिली, पान्तानालची पाणथळ राहिली. ती मी पाहिली नाहीत, म्हणून त्यांविषयी लिहीतही नाही.

आता आम्ही म्हणजे कोण, ते सांगतो. एक मी, वीजखात्यातून निवृत्त झालेला, आणि दुसरी माझी थोरली बहीण. तिला सारा गोतावळा ताई म्हणतो, तेव्हा येथेही ताईच म्हणतो. त्या वर्षी तिने शहात्तरी गाठली होती. मेहुणे गेल्यापासून ती दिमोनाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. एकुलता एक मुलगा ठिबक सिंचनाच्या कामावर ब्राझीलला गेला तो २००८ साली. दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि तेथेच राहिला. तेथलीच यहुदी मुलगी केली. या अकरा वर्षांत तो तीनदा घरी आला, त्यातले एक येणे बापाच्या मातीला. तिकिटे त्यानेच पाठविली. "मामा, तू आईला घेऊन ये. ती एकटी विमानात बसायची नाही." (हिब्रूत 'तुम्ही' नाही, त्यामुळे आपली मुले मराठीतही लहानथोर सर्वांना 'तू' म्हणतात. मला आता त्याचे काही वाटेनासे झाले आहे.)

निघण्यापूर्वी आठ दिवस भाच्याचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, तिला एवढे समजाव. दिमोनाचे घर विकून टाकू. मी इथे तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे." त्याच संध्याकाळी ताईचा फोन. तिनेही आवाज खाली आणला होता, घरात दुसरे कोणी नसताना! "अरे, तू त्याच्याशी बोल. तुझे तो ऐकतो. म्हणावे, पुरे झाले आता, परत ये." असे दोन वकीलनामे खिशात घालून मी विमानात बसलो.

माद्रिदला विमान बदलताना ताईची हातातली पिशवी तपासणीला उघडली, तर आत एक किलो जाडे पोहे, दोन पुडक्यांत बांधलेले. "ताई, हे कशाला?" "लागतील." एवढेच उत्तर. पुढे पाच आठवडे ते पोहे आमच्याबरोबर ब्राझीलभर हिंडले.

साओ पावलो हे शहर पाहण्यासाठी जाऊ नये, माणसांसाठी जावे. मुंबई आठवते, पण समुद्राशिवायची. बोम रेतिरो हा तेथला जुना यहुदी मोहल्ला. पोलंड-रशियाकडून आलेले लोक तेथे कापडाचा धंदा करीत. आता दुकानांवर कोरियन पाट्या दिसतात आणि शिवणयंत्रांवर बोलिव्हियाची माणसे. जवळच लिबेर्दादे नावाच्या भागात जपानी वस्ती आहे. जपान्यांचे पहिले जहाज १९०८ साली सांतोस बंदराला लागले होते. अशा शहरात आपण कोठून आलो हे कोणी विचारीत नाही.

भाच्याने दाराची किल्ली ताईच्या हातात दिली आणि सून म्हणाली, "शावी." ताई चमकली. "चावीच म्हणाली ना ही?" झाले! त्या दिवसापासून ताईने पोर्तुगीज शिकण्याचा नाद सोडून ओळखण्याचा नाद घेतला. पाव म्हणजे पाँव. बटाटा म्हणजे बताता. साबण म्हणजे साबाँव. काजू तर काजूच. दुकानात पैसे देण्याच्या जागी लोक 'पगार' म्हणतात, कारण त्या भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणे. पोर्तुगीज वसई-रेवदंड्याला येऊन गेले त्यांची ही शिल्लक आपल्या तोंडात चारशे वर्षे राहिली, आणि तिच्या जोरावर माझी बहीण साओ पावलोच्या बाजारात दुभाष्यावाचून वावरू लागली. सासूसुनेचे पहिले संभाषणही याच सात-आठ शब्दांत झाले. त्यापूर्वी त्या दोघी दोनदाच भेटल्या होत्या आणि दोन्ही वेळा भाच्याला मध्ये बसावे लागले होते.

तेथून आम्ही इगुआसूला गेलो. ज्यांना एकच ठिकाण पाहायचे असेल त्यांनी हे पाहावे. सुमारे पावणेतीन किलोमीटर रुंदीत अडीचशेहून अधिक धारा कोसळतात. सर्वांत मोठीला 'सैतानाचा घसा' म्हणतात आणि ती ऐंशी मीटरच्या आसपास खोल पडते. धबधब्याचा काही भाग ब्राझीलचा, बराचसा अर्जेंटिनाचा. दोन्हीकडून पाहावा, एकेक दिवस द्यावा. ब्राझीलच्या बाजूने सबंध देखावा दिसतो, पलीकडून तुम्ही पाण्याच्या डोक्यावर उभे राहता. रेनकोट घ्या, त्याचा उपयोग होत नाही तरी घ्या. तेथे क्वाती नावाचा लांब नाकाचा, मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी कळपाने हिंडतो. त्याने आमची खाण्याची पिशवी पळविली. पोहे सुदैवाने हॉटेलवर होते.

जवळच पाराना नदीवर इताइपूचे धरण आहे. ताई गाडीतच बसून राहिली. मी मात्र चार तास हरखून हिंडलो. सातशे मेगावॅटचे एक, अशी वीस जनित्रे, एकूण १४,००० मेगावॅट. आपले कोयना सारे मिळून १,९६० मेगावॅटचे. ब्राझील आणि पॅराग्वे यांनी हे मिळून बांधले आणि १९८४ पासून तेथे वीज होऊ लागली. दोन शेजारी देश एका यंत्रघरात कसे नांदतात हे आपल्या भागातून गेलेल्या माणसाला पाहण्यासारखे वाटते. ताईला मी हे परत येऊन सांगितले. ती म्हणाली, "भाचा काय म्हणाला? बोललास का?" मी म्हटले, "अजून नाही."

रिओला तेथले लोक 'हिऊ' म्हणतात, हे ऐकून ताईने ते गावच रद्द करायला काढले होते. पण गेलो. शहर डोंगर, समुद्र आणि जंगल यांच्या मध्ये जागा मिळेल तसे बसले आहे. कोर्कोवादोच्या ७१० मीटर उंच शिखरावर ख्रिस्ताचा १९३१ साली पुरा झालेला पुतळा आहे; तेथून खालचा उपसागर दिसतो, तो पाहायला कोणत्याही धर्माच्या माणसाने जावे. साखरेच्या ढेपेसारख्या दुसऱ्या डोंगरावर तारेवरच्या पाळण्याने जातात, तेही करावे. कोपाकबानाच्या वाळूवर संध्याकाळी हिंडावे, पण घड्याळ आणि दागिने खोलीवर ठेवावेत.

मला त्याहून आवडले ते तिजुकाचे जंगल. शहराच्या पोटातच आहे. एके काळी हे डोंगर कॉफीच्या मळ्यांसाठी बोडके केले होते. झरे आटले, शहराला पाणी पुरेना. तेव्हा बादशहा दुसरे पेद्रो यांच्या हुकुमाने १८६१ पासून तेथे पुन्हा झाडे लावली गेली. आज पाहणाऱ्याला ते लावलेले जंगल आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. त्यात चालताना ताई एकाएकी थांबली. समोर फणस! एक नाही, ओळीने फणसच फणस. आंबा, नारळ, फणस हे पोर्तुगीजांनी आपल्याकडून तिकडे नेले आणि काजू, अननस तिकडून आपल्याकडे आणले. फणसाला ते 'जाका' म्हणतात, केरळातल्या 'चक्का'वरून. वाटाड्याने सांगितले की फणस येथे फार माजला, मूळच्या झाडांना वाढू देत नाही, म्हणून जंगलखात्याचे लोक त्याची रोपे काढून टाकतात. हे भाच्याने मराठीत सांगितल्यावर ताईला राग आला. "दोनशे वर्षे झाली ना त्याला येऊन? मग अजून परका कसा?" याचे उत्तर वाटाड्याजवळ नव्हते आणि भाच्याने तिकडे मान फिरविली.

या दुसऱ्या पेद्रोंबद्दल आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. हा बादशहा हिब्रू शिकलेला होता. १८७६ साली तो येरुशलायमला येऊन गेला, आणि गादी गेल्यावर, परदेशात असताना, त्याने प्रोव्हान्सच्या यहुद्यांच्या जुन्या हिब्रू काव्याचे भाषांतर छापले. त्याचा उन्हाळी राजवाडा रिओजवळ पेत्रोपोलिस येथे आहे, आता तेथे संग्रहालय आहे. त्याच गावात लेखक श्टेफान त्स्वाइग यांचे शेवटचे घर आहे. हिटलरपासून सुटून ते तेथवर पोहोचले, ब्राझीलवर प्रेमाने पुस्तक लिहिले आणि १९४२ साली तेथेच पत्नीसह जीव दिला. त्या घरातून बाहेर पडताना भाचा बराच वेळ बोलला नाही. सुरक्षित जागी पोहोचूनही माणसाला तेथे राहता येत नाही असे होऊ शकते, हे त्याच्या मनात आले असावे. माझ्या तरी आले.

साल्वादोर हे बाहियाचे शहर १५४९ पासून १७६३ पर्यंत राजधानी होते. पेलोरिन्यो हा जुना भाग रंगीत घरांचा आणि चढउताराचा आहे. पण त्या नावाचा अर्थ फटके मारण्याचा खांब. आफ्रिकेतून पळवून आणलेली सुमारे ४८ लाख माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरविली गेली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली, दोन्ही अमेरिकांत सर्वांत शेवटी. रंगीत घरांचे फोटो जरूर काढा, पण ती कोणी बांधली हेही विचारा.

तेथल्या चौकांत पांढरेशुभ्र घोळदार झगे घातलेल्या बायका कढई मांडून बसतात आणि आकाराजे तळतात. भिजविलेली चवळी सोलून, वाटून, कांदा घालून, फेटून केलेला वडा तो. आपल्याकडच्या बायकांना कृती सांगायला नको. आत कोळंबी भरतात, ती आपल्याला चालत नाही. नुसता वडा मागावा, देतात. तळायला दें-दे नावाच्या ताडजातीच्या फळाचे लाल तेल. ताईने कढईवर वाकून त्या तेलाचा वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चोळला आणि मान हलविली. शनवार तेल्याची नात! घाणा आमच्या आजोबांनीच बंद केला होता, पण तेलाची पारख अंगातून गेली नाही. "ताजे आहे," तिने निकाल दिला, आणि मग आम्ही खाल्ले.

बाहियाच्याच दक्षिण किनाऱ्यावर १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यासारंग लागला. त्याला जायचे होते कालिकतला. त्याच्या जहाजांवर गास्पार द गामा नावाचा दुभाष्या होता. हा जन्माने यहुदी. गोव्याच्या मुसलमान सुलतानाच्या चाकरीत असताना वास्को द गामाने त्याला १४९८ साली कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पकडले, बाटवले आणि आपले नाव दिले. म्हणजे ब्राझीलच्या भूमीवर पाऊल ठेवलेला पहिला यहुदी आमच्या कोकणच्या किनाऱ्यावरून गेला! ताईला हे सांगितले तर म्हणाली, "त्याच्या आईला कळले का रे कुणी, कुठे गेला ते?"

रेसिफेला सुनेचे माहेर. व्याही-विहीण सत्तरीच्या आसपासची, त्यांचे आईबाप बेसराबियाहून १९२० नंतर आलेले. त्यांनी आमच्यासाठी मासा केला होता. भाच्याने आधी सांगून ठेवले होते की आमच्याकडे मासा नारळाच्या रसात करतात, तर विहीणबाईंनी तो तसा केला. बाहियाकडे तीच रीत आहे. ताईने एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग विहिणीला हाताने खूण केली की, थोडी चिंच हवी होती. त्या दोघींचे जमले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहाल त्सूर इस्राएल पाहायला गेलो. दोन्ही अमेरिका खंडांतले हे सर्वांत जुने सिनेगॉग. १६३० साली डच लोकांनी रेसिफे घेतले आणि यहुद्यांना उघडपणे उपासना करण्याची मुभा दिली. अॅमस्टरडॅमहून हाखाम इसहाक अबोआब द फोन्सेका आले, मंडळी भरभराटली, रस्त्याचे नावच यहुद्यांचा रस्ता पडले. १६५४ साली पोर्तुगीजांनी शहर परत जिंकले आणि सर्वांना तीन महिन्यांत देश सोडावा लागला. त्यांपैकी तेवीस माणसे त्याच वर्षी न्यू अॅमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, पोहोचली. इमारत पुढे कोणाकोणाच्या हाती गेली. २००० सालच्या सुमारास तेथे खोदकाम झाले तेव्हा जमिनीखाली जुन्या फरशा आणि मिकवेची विहीर सापडली. आता काचेखाली ती दाखवितात. आत उभे राहिले की अलिबागची, पनवेलची आपली सिनेगॉगे आठवतात : इमारत झाडूनपुसून ठेवलेली, आणि माणसे मिनयानपुरती जमविताना पंचाईत. फरक एवढाच की आपल्याला कोणी घालविले नाही. आपण आपल्या पायांनी निघालो.

तेथे दिव्यांच्या काचेजवळ भाच्याने मला बाजूला घेतले. "मामा, तिच्याशी बोललास?" मी म्हटले, "तू बोल. मी दोन्हीकडचे फी घेतलेले वकील आहे." तो हसला नाही.

मानाउससाठी पिवळ्या तापाची लस निघण्याच्या दहा दिवस तरी आधी टोचून घ्यावी. शहर अॅमेझॉनच्या जंगलाच्या मधोमध आहे आणि त्याच्या मधोमध एक नाटकगृह! रबराच्या पैशाने ते बांधले, १८९६ च्या अखेरीस उघडले. लोखंड स्कॉटलंडचे, संगमरवर इटलीचा, घुमटाच्या कौलांवर राष्ट्रध्वजाचे रंग. तो पैसा टिकला नाही. विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ साली रबराच्या सत्तर हजार बिया लंडनला नेल्या. त्यांची रोपे सिलोन-मलायाला गेली. तिकडचे मळे डोलू लागले तसे मानाउस बसले. केरळातले रबरही त्याच बियांच्या वंशातले.

नद्यांचा संगम मात्र जन्मात एकदा पाहावा. रिओ नेग्रो कोऱ्या चहासारखी काळी, सोलिमोयस गढूळ पिवळी. दोघी शेजारी शेजारी सहा किलोमीटर वाहतात, पण पाणी मिसळत नाही. एक कोमट आणि सावकाश, दुसरी थंड, जड आणि वेगाची. होडी थांबवून नावाडी हात बुडवायला सांगतो. एका वीतभर अंतरात पाणी गारठते. पुढे जाऊन मिसळते, आणि मग तिचे नाव अॅमेझॉन.

बाजारातही जावे. माशांच्या ओळीतून ताई अलिबागच्या बाजारात हिंडावी तशी हिंडली, दर माशाला नख लावून खवले आहेत का पाहत. तांबाकी हा मासा आपल्याला चालतो, चवीला उत्तम. पिरारुकूचे खवले तर एवढे मोठे की बायका त्यांनी नखे घासतात.

आणि आता कबरस्तान. मानाउसच्या साव जुआँव बातिस्ता या ख्रिस्ती कबरस्तानात एका हाखामाची कबर आहे. मोरोक्कोचे यहुदी एकोणिसाव्या शतकात व्यापाराला अॅमेझॉनवर आले, नदीनदीने पसरले. त्यांच्यात आलेले हाखाम शालोम इमानुएल मुयाल १९१० साली तेथेच वारले. गावात त्या वेळी यहुदी कबरस्तान नव्हते, म्हणून त्यांना तेथे ठेवले. पुढे गावच्या ख्रिस्ती लोकांत बोलबाला झाला की या कबरीपाशी मागितलेले मिळते. आज तिच्याभोवती नवस फेडणाऱ्यांच्या आभाराच्या पाट्याच पाट्या आहेत. वर हिब्रू अक्षरे, भोवती मेणबत्त्या, आणि कडेला लहान खडे. कोणाला तरी पाहून तेही खडे ठेवायला शिकले असावेत.

एक म्हातारी बाई कबर पुसत होती. सुनेमार्फत तिने ताईला विचारले, "तुम्ही काय मागायला आलात?" ताई म्हणाली, "सांग तिला, मी मागायला नाही आले. आमचे मागणे दुसरीकडे आहे." आणि मग तिने सांगितले. २०१२ साली ती भारतात गेली होती तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर, तिने नवस बोलला होता : मुलगा घरी येऊ दे, मलिदा करीन. तो त्यानंतर दोनदा आला. पण तिने मलिदा केला नाही. "ते येणे पाहुण्याचे. बॅग खुर्चीवर उघडून ठेवायचा, कपाटात काही लावायचा नाही."

भाचा खाली पाहत होता. सून कोणाचे काय भाषांतर करावे या घोटाळ्यात. ताईने एक खडा उचलून कबरीवर ठेवला आणि म्हणाली, "साओ पावलोला परत गेलो की मलिदा करू. पोहे आणले आहेत." भाचा म्हणाला, "म्हणजे तू राहणार?" ताई म्हणाली, "नाही रे. पाच आठवडे मी पाहते आहे. तुझ्या दाराला मेझुझा आहे. तुझ्या बापाची टोपी खुंटीला आहे. आंबट वरण तू माझ्याहून बरे करतोस. तू घरी आलेलाच आहेस. कुठल्या घरी, ते मी नवसात सांगितले नव्हते."

"आणि तुझी खोली?" त्याने विचारले. ताईने उत्तर दिले नाही. ती त्या म्हातारीबरोबर पाट्या पुसू लागली. विमानात परतताना भाचा आमच्यापासून तीन ओळी पुढे बसला आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. त्याने ती खोली पिवळी रंगविली होती, कारण दिमोनाच्या घराची भिंत पिवळी आहे.

मलिदा शनिवार सुटल्यावर झाला. पोहे भिजविले, ओले खोबरे, साखर, वेलची, बदाम, बेदाणे. पाच फळे मोठ्या मौजेची : केळी, पपई, पेरू, अननस आणि आंबा. जुलैत आंबा तेथे महाग, पण विहीणबाईंनी उत्तरेकडून पाठविला. सुनेचे नातेवाईक, भाच्याच्या कामावरचे दोघे, वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ मिळून दहा पुरुष झाले. एलियाहू हन्नाबी मी म्हटले. आवाज लागला नाही, पण चाल आपलीच होती. भाच्याने शेवटपर्यंत बशीला हात लावला नव्हता. सर्व गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याने तीन वाट्या खाल्ल्या, आणि ताईने पातेले खरवडून चौथी दिली.

२०२० साली विमाने बंद पडली. नात २०२१ साली झाली, ती ताईने वर्षभर टेलिफोनच्या पडद्यावरच पाहिली. २०२२ च्या पेसाखला तिघे दिमोनाला आली, आणि तेव्हापासून दर वर्षी येतात. बॅग अजून खुर्चीवरच असते.

पिवळी खोली तशीच आहे. आपल्यापैकी जे कोणी त्या देशाला निघतील त्यांनी मला कळवावे. भाचा उतरवून घेतो, दोन कुटुंबे राहूनही आली. तो भाडे घेत नाही. एक किलो पोहे आणायला सांगतो, आणि जाडे पाहिजेत, पातळ विरघळतात, असे बजावतो.